बोलणारं विमान : अज्ञात

१२ मार्च

प्रिय ताई,

तीन वर्षं आणि चार महिने मी गप्प राहिलो, त्याबद्दल माफ कर. 'वेळच मिळाला नाही' असं आधी लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसेलच. वेळ होता. रोजनिशीत दर आठवड्याला कुठे ना कुठे तू आहेसच. ती पानं नुसती पाकिटात घालून पाठवली असती तरी चाललं असतं. धीर नव्हता, हे खरं कारण.

हे पाकीट तू उघडणार नाहीस, भावजी उघडतील, असं धरून चालतो. तेव्हा भावजी, नमस्कार. जिथे आमच्या धंद्यातलं काही येईल तिथे तुमच्यासाठी फोड करून सांगतो. वाचून दाखवताना ताई 'हे मला माहितेय, पुढे चल' म्हणेल. पुढे चला, पण वगळू नका.

लिहायला बसलो त्याचं कारण तुझी ती विद्यार्थिनी, जिला तुमच्या फ्लाइंग क्लबात सगळे टाचणी म्हणतात. १८ फेब्रुवारीला ती एकटीनं सरावाच्या फेरीवर निघाली आणि वाट चुकली. त्या दिवशी ज्या प्रवासी विमानातून तिला धीर देऊन खाली उतरवलं, त्याचा कॅप्टन मी होतो. अहवालात फक्त विमानाचा क्रमांक आहे, त्यामुळे तुला कळलं नसेल. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

भावजी, आमच्याकडे दोन रेडिओ असतात. पहिल्यावर जमिनीवरच्या नियंत्रकाशी बोलायचं. दुसरा मोकळा असेल तेव्हा एकशे एकवीस पॉइंट पाच या फ्रीक्वेन्सीवर लावून ठेवायचा. तिला आम्ही 'गार्ड' म्हणतो. कुणी संकटात सापडलं, वाट चुकलं, तर तिथे हाक मारायची. वरून जाणारं कुणी ना कुणी ऐकतं. एरवी तिथे शांतता हवी. प्रत्यक्षात तिथे जत्रा असते. कुणी चुकीचं बटण दाबून आपल्या प्रवाशांना 'डावीकडे सरोवर बघा' सांगतो, कुणी कंपनीच्या ऑफिसला व्हीलचेअर तयार ठेवायला सांगतो, आणि काही महाभाग, चांगले गणवेशातले, पोराबाळांचे बाप, तिथे मांजराचा आवाज काढतात. म्याव. खरंच. हसलात तरी चालेल, मीही पूर्वी हसायचो.

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही अठरा हजार फुटांवर होतो. खाली हवा धुरकट होती. गार्डवर एक बारीक आवाज आला. "रेडिओ चेक. कुणी ऐकतंय का? रेडिओ चेक." म्हणजे माझा आवाज पोचतोय का, एवढीच विचारणा. ती गार्डवर करायची नसते. तेव्हा एका विमानातून कुणीतरी तिला दटावलं. ती "सॉरी" म्हणाली. कुणीतरी म्याव केलं. मग थोडा वेळ शांतता.

मग माझ्या सहवैमानिकेनं बटण दाबलं. ही मुलगी सगळी कामं इतकी सावकाश करते की आमच्याकडे तिला गोगलगाय म्हणतात, आणि तिला त्याचा राग नाही. तिनं आधी आमच्या विमानाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, "मगाशी रेडिओ चेक मागणाऱ्या ताई, तुमचा आवाज स्वच्छ येतोय. तुम्ही ठीक आहात ना?"

मग एकच शब्द आला.

"नाही."

पुढचं तुला ठाऊक आहे. गोगलगाईनं तिला विचारलं, खाली काय दिसतंय, इंधन किती उरलंय. मी पहिल्या रेडिओवर नियंत्रकाला कळवलं. तिला थोडं वर चढायला सांगितलं, म्हणजे ती रडारवर दिसेल. संकटाचा सांकेतिक आकडा लावायला सांगितला. आकडा लावताना ती दोनदा चुकली, असं तिनंच नंतर सांगितलं म्हणे. ती एका अनोळखी धावपट्टीवर उतरली. टाकीत पट्टी बुडवून बघितली तर टोकसुद्धा ओलं झालं नाही.

संध्याकाळी तिथल्या अधिकाऱ्याचा मला फोन आला. त्यानं तिला विचारलं होतं, "ठीक आहात का म्हटल्यावर माणूस सवयीनं हो म्हणतो. तू नाही कशी म्हणालीस?" ती म्हणाली, "आमच्या मॅडम सांगतात, कुणी विचारलं तर आधी खरं बोलायचं, मग काय लाजायचं ते लाजायचं."

ताई, त्या मॅडम तू. त्या एका 'नाही'बद्दल तुझे आभार मानायला हे पत्र. तेवढंच लिहायचं होतं.

तुझा,
धाकटा

२९ मार्च

प्रिय ताई,

भावजींचा फोन येऊन गेला. "पंतोजी! आहात म्हणायचं अजून!" अशी सुरुवात. लहानपणी सगळ्यांच्या चुका काढायचो म्हणून तूच ठेवलेलं हे नाव. त्यांच्या तोंडून ऐकून फार बरं वाटलं.

म्हणाले, "उघडलं मीच. पण दुसऱ्या ओळीला तिनं हातातून ओढून घेतलं. चष्मा डोळ्यावर नव्हता, तरी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या निघाल्यासारखं. आणि गच्चीत जाऊन बसली."

मग त्यांनी टाचणीचं सांगितलं. त्या दिवसापासून ती विमानात बसलेली नाही. रोज येते, हँगरमध्ये विमानं पुसते, इतरांच्या नोंदवह्या भरते आणि घरी जाते. वीस एप्रिलला चौकशी समिती बसणार आहे. 'विद्यार्थिनीने मदत मागितली नाही, नऊ मिनिटे मौन राखले' असं प्राथमिक अहवालात आहे, आणि त्यावरून तिचं प्रशिक्षण कायमचं थांबवायचं का, ते ठरणार. ती इतकी खाली होती की तिची हाक जमिनीवर रेडिओचं बोलणं नोंदणाऱ्या टेपवर आलेलीच नाही. तिला दटावणारा आवाज मात्र आलाय. त्यापुढच्या रकान्यात लिहिलंय : 'बोलणारं विमान : अज्ञात.'

"ते दुसरं विमान कुठलं हो?" भावजींनी विचारलं. "तुम्ही तर वरच होता. ऐकलं असेल ना?"

मी म्हणालो, "रेडिओवर सगळे आवाज सारखेच वाटतात, भावजी."

फोन ठेवल्यावर मी रोजनिशी उघडली, तारीख घातली आणि पुढे एक अक्षर लिहू शकलो नाही. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

दुसरं विमान नव्हतं, ताई. दटावणारा मी होतो.

आता नीट लिहितो. मागच्या पत्रात 'एका विमानातून कुणीतरी' असं लिहिलंय, तिथे 'मी' वाच. 'थोडा वेळ' लिहिलंय, तिथे नऊ मिनिटं वाच. माझे शब्द हे होते : "ही आणीबाणीची फ्रीक्वेन्सी आहे, रेडिओ चेकसाठी नाही. शिकत असाल तर आधी तेवढं शिकून या आणि जागा मोकळी करा." शेवटचा 'करा' उच्चारताना मला स्वतःचा आवाज आवडला होता. हे लिहायची गरज नव्हती, पण खरं आहे.

ती सॉरी म्हणाली. मांजर ओरडलं. गोगलगाय म्हणाली, "सर, ती सॉरी म्हणाली."

"म्हणायलाच हवं."

"चुकून बटण दाबणारे सॉरी म्हणत नाहीत, सर. ते गुपचूप निघून जातात."

मी इंधनाचा तक्ता काढला. तो काढायची तेव्हा काही गरज नव्हती.

"मी एकदा विचारू का तिला?"

"म्हणजे आता आपणही गार्डवर गप्पा मारायच्या?"

मला वाटलं विषय संपला. तिनं गुडघ्यावरच्या कागदावर घड्याळ बघून काहीतरी लिहिलं. खिडकीतून खाली बघितलं. पुन्हा घड्याळ. मग मला न विचारता, माझ्याकडे न बघता, तिनं बटण दाबलं. कागदावर लिहिलं होतं, तीन वाजून चार मिनिटं. त्याच्याखाली तिनं लिहिलं, तीन तेरा.

त्या नऊ मिनिटांत टाचणी सर्वांत जवळच्या धावपट्टीपासून पंचवीस किलोमीटर लांब गेली. तेवढंच अंतर तिला परत यावं लागलं. मी एवढंच विचारलं असतं, 'कोण बोलतंय, कुठे आहात?', तर ती इंधन राखून उतरली असती. पट्टीचं टोक ओलं झालं असतं.

आणि मी आमच्या विमानाचं नाव सांगितलं नाही. गार्डवर दटावणारे कधीच सांगत नाहीत. चुकणारा बिचारा पूर्ण नाव सांगून चुकतो, सुधारणारा अनामिक. म्हणून टेपवर गोगलगाईचा आवाज आमचा ठरला आणि माझा कुणाचाच नाही. अहवाल मी लिहिला. 'सदर विमानाशी आमच्या सहवैमानिकेने संपर्क साधून साहाय्य केले.' यातला प्रत्येक शब्द खरा आहे. त्यावर कंपनीनं आम्हा दोघांना प्रशस्तिपत्र दिलं. माझं कपाटात पालथं ठेवलंय. कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग तर पुढच्या फेऱ्यांत आपोआप पुसलं जातं. म्हणजे मी गप्प राहिलो तर कुणाला कळणार नाही. हे मी किती वेळा मनात घोळवलं ते लिहीत नाही, मोजलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचं आठवतंय ना? आठवणारच. तुझा एक विद्यार्थी चुकून गार्डवर राहिला होता आणि दहा मिनिटं 'वळतोय', 'उतरतोय' असं सगळ्या आकाशाला सांगत होता. मी तुमच्या क्लबचं नाव ओळखलं. तुझा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी वेळा टिपून तीन पानांची लेखी तक्रार केली, खाली सही, हुद्दा, परवाना क्रमांक. तुझं मुख्य प्रशिक्षकपद गेलं आणि क्लबाच्या मालकानं भिंतीवर पाटी लावली : 'विद्यार्थ्यांनी आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर बोलू नये.' तू एवढंच म्हणालीस, "मला कळवलं असतंस तर मी खिडकीतून ओरडून त्याला बटण फिरवायला लावलं असतं." त्यावर मी तुला नियमाचं कलम ऐकवलं. तू निघून गेलीस.

त्या पाटीखाली बसून टाचणी शिकली. हरवल्यावर मदत मागायची तिची हिंमत झाली नाही. फक्त माझा आवाज येतोय का, एवढं भीत भीत विचारलं. म्हणजे तिला गप्प करायचं काम मी एकदा कागदावर केलं आणि एकदा तोंडानं.

हे पत्र भावजींना वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव.

धाकटा

११ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी. रोजनिशीत उतरवून घेतल्या, कारण मूळ कागद मी बहुतेक हरवीन किंवा फार जपून ठेवीन आणि मग सापडणार नाही.

'पत्र वाचलं. मला सांगितलंस, बरं केलंस. पण माझ्यापुढे समिती नाही आणि निकाल मी देणार नाही, तेव्हा पुढचं पत्र मला नको, त्यांना लिही.'

तुझं बरोबर आहे. मी तुला कबुली देऊन मोकळा होऊ बघत होतो. घरातल्या माणसाकडे कबूल केलं की झालं, असं मला वाटलं असावं. वाटलं होतं, असंच लिहितो. 'असावं' ही पळवाट.

आधी गोगलगाईकडे गेलो. विमानतळावरच्या कँटीनमध्ये ती चहात बिस्किट बुडवून, ते पडणार नाही याची खात्री करत बसली होती. मी सांगितलं, मी समितीला लिहितोय, सगळं. तिनं आधी बिस्किट खाल्लं.

"बरं झालं सर. मी पंधरा तारखेपर्यंत थांबणार होते."

"म्हणजे?"

"पंधराला मीच कळवणार होते. तो वेळा लिहिलेला कागद आहे माझ्याकडे."

"दीड महिना माझ्या शेजारी बसून उडतेस. मला एकदा म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही म्हणालात, अहवाल मी लिहितो. मला वाटलं, लिहाल."

ताई, ती माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे. मी तिला विचारलं, त्या दिवशी माझं न ऐकता बटण दाबताना भीती नाही वाटली? म्हणाली, "खूप. पण तुम्ही फार तर ओरडला असता." मी त्या दिवशी ओरडलो नव्हतो एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. टाचणीचं 'नाही' ऐकल्यावर ओरडायला तोंडच राहिलं नव्हतं. गोगलगाईचे आभार मानायला उठून उभा राहिलो, तर तीच म्हणाली, "सर, बसा ना, सगळे बघतायत."

मग मुख्य वैमानिकाच्या केबिनमध्ये गेलो. आमची एकत्र भरती झालेली, त्यामुळे तो अरेतुरेत बोलतो. लेखी निवेदन त्यानं दोनदा वाचलं.

"कुणी विचारलंय का तुला?"

"नाही."

"मग कशाला उगाच ओढवून घेतोस? पोरगी सुखरूप आहे."

"तिचं शिकणं बंद होणार आहे. नऊ मिनिटं गप्प बसली म्हणून. ती का गप्प बसली ते फक्त आम्हा दोघांना माहितेय."

तो खुर्चीत मागे रेलला. "प्रशिक्षकपद जाईल तुझं. परीक्षकपदही."

"माहितेय."

"आणि ती म्यावम्याव करणारी मंडळी मोकळी."

"ते निदान आपण मांजर असल्याचं सांगतात," मी म्हणालो. तो हसला नाही. माझीही चूकच झाली, ही वेळ नव्हती. पण निवेदनावर त्यानं पोच दिली आणि दारापर्यंत आला. "मीसुद्धा दटावतो रे तिथे," तो हळूच म्हणाला. "आठवड्यातून एकदा तरी."

वीस वर्षं मी इतरांना शिकवत आलो की गार्ड सतत ऐका, आवाज कमी करू नका, बोलायचं तर आधी स्वतःची ओळख सांगा, थोडक्यात सांगा. वाट चुकली एवढं कारण पुरे आहे, मरणाच्या दारात असायची गरज नाही, हेही शिकवायचो. हे सगळं मला पाठ होतं. ऐकणं म्हणजे चूक पकडणं नव्हे, एवढं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नसलं की मला समजत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

वीस तारखेला तू येणार आहेस का, ते विचारत नाही.

धाकटा

२१ एप्रिल

प्रिय ताई,

काल तू समोर होतीस, तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आज लिहितो. भावजींनी हे मोठ्यानं वाचावं, ते काल नव्हते.

तुम्हाला सांगतो भावजी, लांबट खोली, पलीकडे तिघे, मध्ये पाण्याचा जग, त्यावर झाकण म्हणून बशी. भिंतीला लागून खुर्च्या. तिथे ताई बसलेली आणि शेजारी एक अतिशय किडकिडीत मुलगी, हात मांडीखाली दाबून. नाव का पडलं ते बघताक्षणी कळलं.

समितीच्या अध्यक्ष बाई माझं निवेदन घेऊन बसल्या होत्या. टेप लावली. खरखर, आणि मग माझा आवाज. मी तो यापूर्वी असा बाहेरून ऐकला नव्हता. '...आधी तेवढं शिकून या.'

"हा आवाज कुणाचा?" बाईंनी विचारलं. रीत म्हणून, कागद तर त्यांच्या हातातच होता.

"माझा."

"बोलताना विमानाची ओळख का दिली नाहीत?"

"दटावणारे देत नाहीत."

"ते मला माहीत आहे, कॅप्टन. का देत नाहीत?"

"कारण मग बोललेलं आपल्या नावावर राहतं," मी म्हणालो. "मला अधिकार गाजवायचा होता, जबाबदारी नको होती."

त्यांनी ते लिहून घेतलं. गोगलगाईनं आपला कागद पुढे केला, तीन चार आणि तीन तेरा, आणि टाचणीची हाक जशी ऐकली तशी सांगितली. इतकी सावकाश की एका सदस्यानं मध्येच घड्याळ बघितलं. मग बाईंनी टाचणीला विचारलं, दटावल्यावर तू काय केलंस?

"सॉरी म्हणाले."

"मग?"

"मग वाटलं, वाट चुकणं म्हणजे काही आणीबाणी नाही. विमान तर चालूच होतं. मग बोलले नाही."

अर्ध्या तासानं निकाल सांगितला. विद्यार्थिनीनं मदत मागण्याचा प्रयत्न केला होता आणि तो अडवला गेला, असं नोंदीत बदललं. प्रशिक्षण चालू राहील. आधी ताईबरोबर तीन फेऱ्या, मग एकटीनं. क्लबाच्या भिंतीवरची पाटी आठ दिवसांत उतरवायची. माझं प्रशिक्षकपद आणि परीक्षकपद दोन वर्षांसाठी काढून घेतलं. कॅप्टन म्हणून उडू शकतो. हे माझ्या अपेक्षेपेक्षा कमी आहे. 'कमी आहे' हे नम्रपणा म्हणून लिहितोय का, ते तपासून बघितलं. नाही, कमीच आहे.

बाहेर व्हरांड्यात टाचणी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही मॅडमचे सख्खे भाऊ?"

"हो."

"त्यांनी मला सांगितलंच नाही." मग एकदम म्हणाली, "मला त्या आवाजाचा राग आला नव्हता, सर. मला वाटलं तो बरोबर बोलतोय. म्हणून तर गप्प बसले."

याहून वाईट मला कुणी काही बोलू शकलं नसतं आणि ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती.

"आणि आता?"

तिनं खरंच विचार केला. "आता येतोय."

"मग काढ."

ती गोंधळली, तिनं तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "काढ गं, घाबरू नकोस. मी याच्यावर चाळीस वर्षं काढतेय." तर ती मान ताठ करून मला म्हणाली, "तुम्ही फार वाईट वागलात, सर." आणि लगेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग, ताई, ती हसायला लागली. मी तिची माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली नाही. "बरं" म्हणाली. खरं बोलायला तू चांगलंच शिकवलंयस.

मग आपण दोघंच राहिलो.

"उशीर केलास," तू म्हणालीस.

"हो."

"तिच्या बाबतीत दोन महिने. माझ्या बाबतीत साडेतीन वर्षं."

"हो."

"आणखी काही म्हणायचंय?"

मला इतकं म्हणायचं होतं की काहीच निघालं नाही. तू म्हणालीस, "जेवलायस का काही सकाळपासून?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चालायला लागलीस. मी मागून आलो.

तर ते राहिलेलं हे. तू मला उडायला शिकवलंस, त्याबद्दल आजवर कधी बोललो नाही, कारण सख्ख्या बहिणीचे कसले आभार, असं वाटायचं. तुझं पद माझ्यामुळे गेलं आणि तरी त्याच पाटीखाली उभी राहून तू पोरांना खरं बोलायला शिकवत राहिलीस. तू कडवट झाली असतीस तर कुणी तुला नावं ठेवली नसती. पण मग त्या मुलीनं सवयीनं 'हो, ठीक आहे' म्हटलं असतं आणि गोगलगाय थांबली असती आणि मी तक्ता मिटून पुढे गेलो असतो. एक माणूस आज जिवंत आहे आणि मी आरशात बघू शकतो, या दोन्ही गोष्टींत माझा वाटा फार थोडा आहे. तुझा आहे, त्या दोन मुलींचा आहे. मला हे कळलं याचासुद्धा मला आनंद होतोय, आणि आनंद व्हावा का, अशी शंका येतेय, आणि ती शंका आज मी तशीच सोडून देतोय.

गोगलगाईची बदली झाली, आजपासून ती मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाला गेली. तिच्या जागी नवा सहवैमानिक येतोय, वय चोवीस, माझ्याबद्दल त्याला कुणीतरी आधीच घाबरवून ठेवलंय असं ऐकतो.

उद्या करायचं : पहिल्या फेरीआधी त्याला सांगणे की गार्डवर कुणाची हाक आली आणि मी गप्प बस म्हणालो, तर त्यानं माझं ऐकायचं नाही.

तुझा,
धाकटा